परराष्ट्र धोरणावर देशात वाद व्हावा का? न्हावा-शेवा बंदरातील कामाच्या अनुभवातून एक उत्तर

ठाण्यातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीने वादविवाद स्पर्धेच्या तयारीसाठी मला एक प्रश्न लिहून पाठवला. घरचे भांडण उंबऱ्याबाहेर जाऊ नये, या न्यायाने परराष्ट्र धोरण पक्षीय वादापासून दूर ठेवावे आणि जाणकारांवर सोपवावे, असे विरुद्ध बाजूचे स्पर्धक म्हणणार आहेत. तर सामान्य नागरिकाला या विषयात मत असण्याचे कारण काय, आणि मत असलेच तर ते त्याने मांडायचे कुठे, असे तिने विचारले आहे. मी मुत्सद्दी नाही, प्राध्यापकही नाही. न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची सीमाशुल्काची कामे करणारा कस्टम ब्रोकर म्हणून माझी तीन दशके गेली, आणि परराष्ट्र धोरण मला भाषणांतून कमी व अधिसूचनांतून जास्त कळले. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देतो.

माझे मत आधी सांगतो. दुसऱ्या देशाशी वाटाघाटी कशा चालल्या आहेत, कोणती अट केव्हा पुढे करायची आणि कोणती राखून ठेवायची, हे गुप्त ठेवण्याचा सरकारला अधिकार आहे आणि तो असायलाच हवा. मात्र त्या धोरणाचा भार देशातील कोणी सोसायचा, किती काळ सोसायचा आणि त्याची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न सर्वस्वी देशांतर्गत आहे. त्यावरचा वाद टाळला की तो भार आपोआप अशा गटाच्या माथी येतो ज्याला दिल्लीत कोणी विचारत नाही. 'परराष्ट्र धोरणात राजकारण नको' असे म्हणणारे या दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतात, आणि पहिलीच्या आडून दुसरी नजरेआड होते.

निर्णय कोण घेतो, हे प्रथम पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत परराष्ट्र व्यवहार, तसेच परदेशांशी तह व करार करणे आणि ते अमलात आणणे हे विषय आहेत. अनुच्छेद २५३ नुसार अशा करारांच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. करार करण्यापूर्वी संसदेची संमती घ्यावी, असे बंधन मात्र घटनेने घातलेले नाही. अमेरिकेत तहाला सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. आपल्याकडे मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते. याला ठळक अपवाद आहे तो भूभागाचा. बेरुबाडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये स्पष्ट केले की देशाचा प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती करावी लागेल, आणि म्हणूनच बांगलादेशाबरोबरचा भूसीमा करार २०१५ मध्ये शंभराव्या घटनादुरुस्तीच्या मार्गाने गेला. जमीन द्यायची तर दोन्ही सभागृहांत चर्चा आणि मतदान; पण त्याच जमिनीत पिकलेल्या मालाची बाजारपेठ एका रात्रीत बंद करायची तर केवळ एक अधिसूचना पुरेशी, अशी ही व्यवस्था आहे. शेती राज्यांच्या सूचीत आणि शेतमालाची निर्यात केंद्राच्या हातात असल्यामुळे नाशिकच्या शेतकऱ्याने आपल्या आमदाराला जाब विचारला, तर त्या आमदाराकडे देण्यासारखे उत्तरच नसते.

परराष्ट्र धोरण पक्षीय राजकारणापासून कधी काळी अलिप्त होते आणि अलीकडे ते बिघडले, हा समजही खरा नाही. उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन हे उत्तर मुंबईतून निवडून येत. १९६२ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले तेव्हा चीनविषयक धोरण आणि संरक्षण खात्याचा कारभार हेच प्रचाराचे मुख्य मुद्दे होते. मेनन विजयी झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केले. युद्ध सुरू असतानाच संसदेचे अधिवेशन लवकर बोलवावे, अशी मागणी राज्यसभेचे तरुण सदस्य अटलबिहारी वाजपेयी यांनी केली. पंडित नेहरूंनी ती मान्य केली आणि ८ नोव्हेंबरपासून सभागृहात सरकारवर उघड व कठोर टीका झाली. मेनन यांना त्याआधीच जावे लागले होते; यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे वाक्य महाराष्ट्राच्या तोंडी बसले. पुढे १९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारली, तेव्हा ते ईशान्य मुंबईतून स्वतंत्रपणे लढले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून पराभूत झाले. नव्याने स्थापन झालेल्या शिवसेनेने त्या प्रचारात मेनन परप्रांतीय असल्याचा मुद्दा लावून धरला होता. चीनचे युद्ध, पक्षांतर्गत सत्ता आणि भूमिपुत्रांचा प्रश्न असे तीन विषय मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात एकाच मतपेटीत पडले. संकटाच्या ऐन काळात संसद बोलावल्यामुळे देश दुबळा झाला, असे १९६२ बद्दल आज कोणी म्हणत नाही. ज्या प्रश्नांची उत्तरे आधीच द्यायला हवी होती ती उशिरा मागितली गेली, ही त्या वेळची खरी हानी होती.

आघाडी सरकारांच्या काळात हे अधिक उघड झाले. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराला विरोध म्हणून डाव्या पक्षांनी जुलै २००८ मध्ये पाठिंबा काढला आणि २२ जुलैला सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या विरोधामुळे तिस्ता पाणीवाटपाचा करार थांबला. श्रीलंकेतील तमिळांच्या प्रश्नावर २०१३ मध्ये द्रमुकने केंद्राचा पाठिंबा काढला आणि त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग कोलंबोच्या राष्ट्रकुल परिषदेला गेले नाहीत. या निर्णयांच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्या गोष्टीकडे: ज्या राज्यांची सीमा शेजारी देशाला भिडते, त्यांचा परराष्ट्र व्यवहारातील हितसंबंध दिल्लीला दिसतो, कारण तो पाणी, बेट, भाषा किंवा वंश अशा ठळक रूपात समोर येतो. महाराष्ट्राला परदेशाशी लागून असलेली भूसीमा नाही. आपला बाहेरच्या जगाशी संबंध बंदरांतून येतो, आणि तो वाणिज्य किंवा अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनांच्या रूपात येत असल्यामुळे परराष्ट्र धोरण म्हणून ओळखलाच जात नाही. त्यामुळे त्यावरचा वाद महागाईचा, शेतीचा किंवा व्यापाऱ्यांच्या नफेखोरीचा म्हणून होतो आणि मूळ निर्णय जिथे होतो तिथपर्यंत तो पोहोचत नाही.

कांद्याचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण इतके स्पष्ट दुसरे नाही. २९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नकोस असे सांगितले आहे, आणि आधी कळवले असते तर बरे झाले असते, असे त्या तिथल्या व्यापारी मेळाव्यात सर्वांसमोर बोलल्या. मित्रदेशाच्या पंतप्रधानांना ही तक्रार जाहीरपणे करावी लागली. नंतर बांगलादेशाने तुर्कस्तान आणि इजिप्तहून विमानाने कांदा आणला. वर्षभरातच, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा बंदी आली. मग २०२३ मध्ये १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेरीस टनामागे ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य (ज्याखाली निर्यात करता येत नाही) आणि ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी, असे टप्प्याटप्प्याने दार बंद झाले. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले व शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ ला ते शून्य झाले.

जे या धंद्यात नाहीत त्यांना अशा अधिसूचनेचा प्रत्यक्ष अर्थ सांगायला हवा. कांदा किंवा भाजीपाला वातानुकूलित किंवा हवा खेळती ठेवलेल्या कंटेनरमधून जातो. शेतातून निघून, प्रतवारी होऊन, गोणीत भरून, कंटेनर फ्रेट स्टेशनात (बंदराबाहेरच्या कंटेनर भरण्याच्या गोदामात) येईपर्यंत त्यात शेतकरी, आडते, हमाल, वाहतूकदार आणि निर्यातदार अशा सर्वांचे पैसे गुंतलेले असतात. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचे सीमाशुल्क घोषणापत्र, दाखल झाले की नाही, माल सीमाशुल्काच्या ताब्यात गेला की नाही, जहाज बंदरात लागले की नाही, या तारखांवर त्या कंटेनरचे भवितव्य ठरते. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेतही अधिसूचनेपूर्वी ज्यांची चढवणी सुरू झाली होती किंवा जो माल आधीच सीमाशुल्काकडे सुपूर्द झाला होता त्यांना सवलत होती. पण काही तासांच्या फरकाने मागे राहिलेल्याला ती मिळत नाही. मग कंटेनरचे आणि जागेचे भाडे दिवसागणिक वाढते, माल परत नेला तर देशातील बाजारात भाव आधीच कोसळलेला असतो, आणि परदेशातील ग्राहक पुढच्या हंगामात दुसरा पुरवठादार शोधतो. तो ग्राहक परत मिळवायला किती वेळ जातो, हे कोणत्याही आकडेवारीत येत नाही. निर्यातदाराचे नुकसान मी येथे दुय्यम मानतो. त्याला निदान विमा, बँक आणि वकील उपलब्ध असतात. खरा फटका बसतो तो शेतावरच्या कांदाचाळीत कांदा साठवून बसलेल्या शेतकऱ्याला, ज्याने बाजारभाव पाहून विक्री लांबवली होती.

आता बंदीच्या काळात काय झाले ते पाहा. सरकार-ते-सरकार विनंतीवरून काही देशांना कांदा दिला गेला. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केले की बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टन निर्यातीस परवानगी आहे, आणि ही निर्यात राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत होईल. शेजाऱ्यांशी आणि आखाती देशांशी संबंध राखण्यासाठी हे आवश्यक होते, हे मला पटते. ठाण्यात भाजी घेणाऱ्या कुटुंबाला कांदा परवडावा, हेही योग्यच आहे. मीही त्याच मंडईत जातो. पण ग्राहकाला स्वस्ताई आणि मित्रदेशाला पुरवठा, या दोन्हींची किंमत एकाच घटकाने, म्हणजे खुल्या बाजारात विकण्याचा हक्क गमावलेल्या उत्पादकाने मोजली. ऑगस्ट २०२३ मध्ये असंतोष उसळला तेव्हा केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने दोन लाख टन अतिरिक्त खरेदी जाहीर केली. तेव्हा उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस जपानच्या दौऱ्यावर होते आणि त्यांनी तेथूनच ही माहिती दिली. भरपाईचा विचार झालाच नाही असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. परंतु तो विचार आधी, सभागृहात आणि सूत्रबद्ध रीतीने व्हायला हवा होता, आंदोलन पेटल्यावर नव्हे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कांदा पट्ट्यातील दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. ज्या विषयावर वेळेवर वाद होऊ दिला नाही, तो अखेर मतदारांनी आपल्या पद्धतीने निकाली काढला.

दुसरे उदाहरण खारकेचे. वाशीच्या मसाला बाजारात विकली जाणारी खारीक पूर्वी प्रामुख्याने पाकिस्तानातून येत असे. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर २०० टक्के आयातशुल्क लावण्यात आले. त्या निर्णयाला माझा पूर्ण पाठिंबा होता आणि आजही आहे. बाजारातील ज्यांना मी ओळखतो त्यांपैकी कोणी त्याविरुद्ध बोलल्याचे मला आठवत नाही. प्रश्न उभा राहिला तो वेगळाच. त्या दिवशी अटारीच्या सीमाशुल्क केंद्रात ज्या आयातदारांनी आपली बिल ऑफ एंट्री (आयातीची घोषणापत्रे) आधीच दाखल केली होती, त्यांच्याकडूनही नव्या दराने शुल्क मागितले गेले, जरी अधिसूचना संकेतस्थळावर चढली तेव्हा रात्रीचे ८ वाजून ४६ मिनिटे झाली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने आयातदारांच्या बाजूने निकाल दिला: जी अधिसूचना प्रसिद्धच झाली नव्हती, ती आधीच्या व्यवहाराला लागू होत नाही. शत्रुराष्ट्राविरुद्ध कठोर कारवाई करतानाही आपल्या नागरिकाला कायद्याचे संरक्षण मिळते, हे त्या निकालाने दाखवले. त्यामुळे देशाची कारवाई कमकुवत झाली नाही. मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानी मालावर पूर्ण बंदी आली, आणि जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा-शेवा बंदरात दुबईमार्गे आणलेल्या पाकिस्तानी मालाचे ३९ कंटेनर, सुमारे १,११५ टन, जप्त केल्याचे जाहीर केले. कायदा स्पष्ट असेल तर त्याची अंमलबजावणीही ठामपणे करता येते.

अस्वस्थ करणारी असते ती अलिखित कारवाई. जानेवारी २०२० मध्ये शुद्ध केलेल्या पामतेलाची आयात 'मुक्त' वर्गातून 'प्रतिबंधित', म्हणजे परवाना लागणाऱ्या, वर्गात टाकण्यात आली. अधिसूचनेत कोणत्याही देशाचे नाव नव्हते, पण काश्मीर आणि नागरिकत्व कायद्यावर मलेशियाच्या पंतप्रधानांनी केलेल्या विधानांनंतर हे घडले, हे तेलाच्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक होते. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात २० जवान धारातीर्थी पडल्यानंतर चीनमधून आलेले कंटेनर देशातील प्रमुख बंदरांवर तपासणीसाठी अडकून पडले. लेखी आदेश कोणाच्या हाती नव्हता. त्या कंटेनरांत खेळणी होती, तसेच ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांना लागणारे सुटे भाग आणि औषधांचा कच्चा मालही होता. चीनवर आर्थिक दबाव आणायचा असेल तर तो जरूर आणावा. कोणता माल थांबवायचा, कोणता सोडायचा आणि किती दिवस, हे लिहून जाहीर करावे. लेखी आदेशावर अपील करता येते, संसदेत प्रश्न विचारता येतो, न्यायालयात जाता येते. तोंडी आदेशावर यांतले काहीच करता येत नाही आणि त्याचा बोजा लहान उद्योजकावर पडतो, कारण मोठ्याला वाट पाहणे परवडते.

रशियन तेलाचा मुद्दा याहून कठीण आहे, आणि या स्पर्धेत तो नक्की निघेल. युक्रेन युद्धापूर्वी आपल्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांहूनही कमी होता. २०२४ पर्यंत तो एक तृतीयांशाहून अधिक झाला. आपल्या गरजेपुरते तेल जिथे स्वस्त मिळेल तिथून घेण्याचा सार्वभौम अधिकार भारताला आहे, यात मला शंका नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि मग रशियन तेलाचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लादले. तेलातील सवलतीचा लाभ झाला तेलशुद्धीकरण कंपन्यांना, सरकारी महसुलाला आणि काही अंशी ग्राहकांना. शुल्काचा मार बसला कोळंबी, कापड, चामडे आणि दागिने यांच्या निर्यातीला, म्हणजे जिथे हाताने काम करणारी माणसे सर्वांत जास्त आहेत त्या उद्योगांना. अमेरिकेपुढे झुकावे की न झुकावे, यावर देशात भरपूर बोलले गेले. एका क्षेत्राला झालेल्या लाभातून दुसऱ्याला झालेली हानी किती भरून काढायची, या प्रश्नावर त्या मानाने फारच थोडे बोलले गेले, आणि माझ्या मते खरा लोकशाही प्रश्न तोच होता.

भार कोणावर पडतो हे विचारण्याची सवय या भागाला नवीन नाही. ज्या बंदरातून हा सारा व्यवहार चालतो ते १९८९ मध्ये सुरू झाले, पण त्याआधी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले आणि जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. देशाला नवे बंदर हवे होते आणि ते झाले; पण प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला तो या संघर्षातून. आज त्याच बंदरात दुबई आणि सिंगापूरच्या कंपन्या टर्मिनल चालवतात, आणि मे २०२५ मध्ये बांगलादेशाशी संबंध बिघडल्यावर तिथले तयार कपडे भारतात फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच येतील, असा आदेश निघाला. ढाक्यातील सत्तापालटाचा परिणाम उरणच्या रस्त्यावरील वाहतुकीवर होतो, इतके हे जवळचे आहे.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद तुम्ही आधीच मान्य करावा, असा माझा सल्ला आहे. मौनाला स्थान आहे. कतारमध्ये नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, तेव्हा सरकारने जाहीर बोलण्यात संयम राखला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची सुटका झाली. रोज वाहिन्यांवर वाटाघाटींची उजळणी झाली असती तर ते जमले नसते. एकजुटीलाही स्थान आहे. १९९४ मध्ये जिनिव्हात काश्मीरच्या प्रश्नावर भारताची बाजू मांडायला नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते वाजपेयी यांना शिष्टमंडळाचे नेते म्हणून पाठवले. २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर गेलेल्या सात सर्वपक्षीय शिष्टमंडळांपैकी एकाचे नेतृत्व सुप्रिया सुळे यांच्याकडे, तर दुसऱ्याचे कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांच्याकडे होते. राज्यात परस्परविरोधी असलेले दोन पक्ष परदेशात एकच भूमिका मांडत होते. हे मला अभिमानास्पद वाटते. परंतु जगापुढे एकत्र उभे राहण्यासाठी देशात आधी बोलून घ्यावे लागते. जिनिव्हाच्या आधी, २२ फेब्रुवारी १९९४ रोजी, संसदेने जम्मू-काश्मीरविषयी एकमताचा ठराव केला होता, हे विसरू नये.

लोकभावनेबद्दलही एक सावधगिरी हवी. मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. स्वतःच्या पैशाने काय घ्यावे हे ठरवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि त्यामागची भावना खरी होती. मात्र सरकारने स्वतः घ्यायचा निर्णय जनतेच्या संतापावर सोडू नये, कारण संतापाला मुदत नसते आणि त्यातून माघार घेण्याची वेळ आली तर जबाबदार कोण, हेही ठरलेले नसते.

मग बोलायचे कुठे? सीमाशुल्काच्या आणीबाणीच्या अधिकारात काढलेल्या दरवाढीच्या अधिसूचना संसदेपुढे मांडण्याची तरतूद कायद्यातच आहे; तिचा उपयोग खासदारांनी चर्चा मागण्यासाठी करावा. परराष्ट्र व्यवहार आणि वाणिज्य या दोन खात्यांच्या संसदीय स्थायी समित्या वेगवेगळ्या आहेत. डोकलाममध्ये २०१७ साली भारत आणि चीनचे सैन्य समोरासमोर आल्यानंतर परराष्ट्र समितीने चीनविषयक संबंधांवर सविस्तर अहवाल दिला होता, तसाच निर्यातबंदीच्या परिणामांवर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून दिला पाहिजे, आणि त्यासाठी साक्षी घ्यायला त्यांनी लासलगाव आणि वाशीला यावे. राज्यांसाठी अनुच्छेद २६३ खाली आंतरराज्य परिषद अस्तित्वात आहे. शेतमालाच्या निर्यात धोरणावर राज्यांना आधी विचारण्याचे ते घटनात्मक व्यासपीठ आहे. यांतल्या कोणत्याही ठिकाणी वाटाघाटींचे गुपित फुटत नाही.

तुमच्या स्पर्धेसाठी शेवटी एक तपशील देतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातबंदी लागू झाली तेव्हा दिल्लीत संसदेचे आणि नागपुरात राज्य विधिमंडळाचे, अशी दोन्ही हिवाळी अधिवेशने चालू होती. नागपुरात विरोधकांनी आवाज उठवला, पण निर्णय मागे घेण्याचा अधिकार त्या सभागृहाला नव्हता. ज्या सभागृहाला तो प्रश्न सरकारकडून सोडवून घेता आला असता ते दिल्लीत भरले होते. लोकसभा आणि राज्यसभेतील प्रश्नोत्तरे व चर्चेचे वृत्तान्त संसदेच्या संकेतस्थळावर तारखेनुसार पाहायला मिळतात. त्या दोन आठवड्यांचे कामकाज काढा, या विषयाला किती वेळ मिळाला ते स्वतः मोजा, आणि विरुद्ध बाजूने १९९४ चा दाखला दिला की त्या वर्षीच्या २२ फेब्रुवारीचे कामकाज त्याच्या शेजारी ठेवून वाचून दाखवा.